टिकटिक करणारं इंजिन आणि तांब्याची वळी

एखादी जुनी मोटार थंडीच्या दिवसांत सकाळी सुरू होताना कान देऊन ऐकली आहे का कधी? इंजिन धरतं आणि बॉनेटखालून टिक्-टिक्-टिक् असा आवाज यायला लागतो. ॲक्सिलरेटर दाबला की टिकटिकही जोरात पळायला लागते. दहा-पंधरा मिनिटं गाडी चालली, इंजिन चांगलं तापलं, की आवाज हळूहळू कमी होतो. कधी कधी अगदी थांबतो. मालक म्हणतो, "सकाळी जरा कुरकुर करते बिचारी, मग होते ठीक." पण ठीक वगैरे काही झालेलं नसतं. बहुधा एक्झॉस्टचं पॅकिंग गेलेलं असतं. लोखंड तापून फुगलं म्हणून फट तेवढ्यापुरती बुजते. गाडी थंड झाली की फट पुन्हा आहेच.

'बहुधा' असं मी मुद्दाम म्हटलं. टॅपेट सैल झाले तरी साधारण असाच आवाज येतो. म्हणून जाणता फिटर नुसत्या कानावर विसंबत नाही, तो बॅटरी घेऊन काजळी शोधतो. इंजिनाच्या अंगाला जिथे धुराची नळी जोडलेली असते, तिथे सांध्याबाहेर काळा फराटा दिसला की चोर सापडला!

आज आपण हे पॅकिंग काढून नवं बसवायचं काम पाहू. त्यासाठी मी गाडी निवडली आहे फोर्डची 'मॉडेल टी'. १९०८ ते १९२७ या काळात अमेरिकेत या गाड्या दीड कोटीच्या वर तयार झाल्या. आपल्याकडे त्या फोर्डच्या कॅनडातल्या कारखान्यातून येत. हीच गाडी का? कारण तिचं इंजिन उघडंवाघडं, सरळ आहे. झाकणं, वायरी, पेट्या यांची भानगड नाही. कुठला नट काय धरून ठेवतो ते डोळ्यांनी दिसतं. शिवाय तिच्या एक्झॉस्टला तांब्याची पॅकिंगं असतात, आणि आजची खरी गोष्ट त्या तांब्याचीच आहे.

आधी एवढं पाहा. मॉडेल टीच्या इंजिनात चार सिलिंडर एका ओळीत असतात. पेट्रोल जळलं की तापलेला धूर इंजिनाच्या उजव्या अंगाच्या चार भोकांतून बाहेर पडतो. ही चार तोंडं एका जाडजूड बिडाच्या नळीने जोडलेली असतात, तिला म्हणतात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. ही नळी धूर गोळा करून मागे सायलेन्सरकडे पाठवते. इंजिन मिनिटाला १६०० फेरे घेत असेल (हे इंजिन त्या वेगाला आपली पुरी वीस अश्वशक्ती देतं), तर प्रत्येक भोकातून मिनिटाला ८०० फुंकरा सुटतात. सेकंदाला तेरा! प्रत्येक फुंकर सहाशे-सातशे अंशांच्या घरातली. आता बिडाच्या नळीचं तोंड आणि इंजिनाचं अंग कितीही घासून सपाट केलं, तरी दोन कडक धातू एकमेकांना इतके चिकटून बसत नाहीत की मध्ये फट राहणार नाही. म्हणून मध्ये काहीतरी नरम घालावं लागतं.

हे तुम्हाला नवं नाही. घरातल्या कुकरची रिंग आठवा. रबर नरम असेपर्यंत ते झाकण आणि भांडं यांच्यामधल्या फटी भरून काढतं. वर्ष-दोन वर्षांनी रिंग कडक झाली, की बाजूने फुसफुस वाफ निघते आणि शिट्टी काही होत नाही. एक्झॉस्टच्या पॅकिंगचंही हेच. फक्त कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास असतं, इथे रबराची क्षणात राख होईल. शिसं नरम असतं, पण ते ३२७ अंशांना वितळतं. ॲल्युमिनिअम ६६० ला. तांबं मात्र १०८५ अंशांपर्यंत वितळत नाही, आणि तरीही पोलादाच्या मानाने पुष्कळ नरम असतं. निवड झाली!

पण त्या पॅकिंगला नुसतं दबून बसायचं नसतं. समजा, बिडाचा अर्धा मीटर लांबीचा तुकडा ४०० अंशांनी तापवला, तर तो सुमारे दोन मिलिमीटरने लांब होतो. मॅनिफोल्ड तसा तापतो. इंजिनाच्या अंगातून मात्र पाणी खेळत असतं, ते शंभर अंशांच्या खालीच राहतं. त्याची वाढ अर्धा मिलिमीटरसुद्धा होत नाही. म्हणजे गाडी सुरू झाली की मॅनिफोल्ड इंजिनाच्या अंगावर सरकतो, बंद झाली की परत येतो. दर फेरीला हे सरकणं, आणि मधे चिरडलं जाणारं तांब्याचं वळं.

आता तांब्याचा स्वभाव बघू. वायरमनकडून तांब्याच्या जाड तारेचा वीतभर तुकडा मागून घ्या. वरचं प्लॅस्टिक पूर्ण सोलून टाका. तार एकाच जागी वाकवा, सरळ करा, परत वाकवा. पहिल्यांदा ती लोण्यासारखी वाकते. मग जोर लागायला लागतो. आणखी पाच-सात वेळा केलं की तुकडा पडतो. तार झिजली नाही, बारीक झाली नाही, मग कडक कशी झाली? वाकवल्यामुळेच. तांब्याच्या आत अणूंच्या रांगा असतात. त्या एकमेकींवरून सरकतात म्हणून धातू वाकतो. पण सरकता सरकता रांगांचा गुंता होत जातो आणि मग त्यांना सरकायला जागा उरत नाही.

आता दुसरा तुकडा घ्या, तोही वाकवून वाकवून कडक करा, पण तुटू देऊ नका. घरातल्या मोठ्या माणसाला हाताशी घ्या (हे सांगायचं म्हणून सांगत नाही, खरंच घ्या) आणि सांडशीत धरून तो गॅसच्या ज्योतीवर अंधुक लाल होईपर्यंत तापवायला सांगा. मग पाण्यात बुडवा. चर्रर्र! आता वाकवून पाहा. पुन्हा पहिल्यासारखा नरम! उष्णतेमुळे आतल्या रांगा नव्याने नीट लागतात.

इथे पुष्कळजण फसतात. लोहार कोयत्याला 'पाणी पाजतो' ते तुम्ही पाहिलं किंवा ऐकलं असेल. लाल पोलाद पाण्यात बुडवलं की कडक होतं. म्हणून वाटतं की तांबंही कडक होईल. तांब्याचं अगदी उलट. आणि गंमत म्हणजे पाण्यात बुडवा की तसंच हवेत निवू द्या, नरमपणात काही फरक पडत नाही. पाण्याने फक्त वरची काळी खपली सुटते आणि वाट पाहायचा वेळ वाचतो.

पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. तिथल्या तांबटांना हे पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. पत्रा ठोकून हंड्याचा आकार देताना तो कडक होत जातो. तसाच ठोकत राहिलं तर तडकेल. म्हणून मधेमधे भांडं तापवून घेतात आणि परत ठोकतात. शेवटी मात्र मठारकाम करतात, म्हणजे हातोडीचे एकसारखे ठोके अंगभर उमटवतात. ते नुसतं शोभेसाठी नसतं, त्या ठोक्यांनी भांडं कडक आणि मजबूत होतं. तांबटाला शेवटी भांडं कडक हवं असतं. आपल्याला पॅकिंग बसवताना तांबं नरम हवं. धातू तोच, गरज उलटी.

तर इंजिनावर बसलेलं वळं वर्षानुवर्षं दाबलं जातं, सरकतं, चिरडतं आणि कडक होत जातं. तेही तापतं की, मग नरम का नाही होत? थोडंफार होतंही, पण एकदा चिरडून पातळ झालेलं तांबं परत फुगत नाही. फट पडली की त्यातून तापलेला धूर सुसाट निघतो आणि कडा खात जातो. मग टिकटिक.

"टिकटिक करतेय तर करू दे, गाडी चालतेय ना?" असं म्हणणारेही असतात. त्यांच्यासाठी मॉडेल टीचीच एक गोष्ट. थंड मुलखातले लोक या गाडीला एक जोडसामान बसवून घेत. एक्झॉस्ट मॅनिफोल्डभोवती पत्र्याची पेटी, आणि त्या पेटीतली गरम हवा तळातल्या झरोक्यातून आत, पायांपाशी! छान ऊब यायची. पण पॅकिंग फुटलं असेल तर? ऊब आणि धूर दोन्ही एकाच वाटेने आत. आणि त्या धुरात असतो कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेपट जास्त ओढीने धरून ठेवतं, त्यामुळे शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग पेंग येते. गाडीत पेंग आली तर कुणाला संशय येणार? माणूस झोपतो तो उठतच नाही. पेटी नसलेल्या गाडीतही बॉनेटखालचा धूर फटीफटींतून आत येऊ शकतोच. म्हणूनच बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही. नवी गाडी असली तरी नाही. पॅकिंगचं काम टाळायचं नसतं ते याच कारणासाठी, आवाजासाठी नव्हे.

चला, आता काम. गाडी आदल्या दिवशीपासून थंड पडलेली हवी. मॅनिफोल्डला कोमट असतानाही हात लावायचा नाही. संध्याकाळीच सगळ्या नटांवर गंज सोडवणारं तेल टाकून ठेवायचं, म्हणजे रात्रभरात ते आट्यांत मुरतं. सकाळी आधी टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद, मग कार्बोरेटरची पेट्रोलची नळी आणि तारा-दांड्या सोडवायच्या. कार्बोरेटर उतरवून लांब नेऊन ठेवायचा. का लांब, ते लगेच कळेल. मागे जिथे सायलेन्सरची नळी मॅनिफोल्डला जोडलेली असते, तिथला मोठा नटही आता ढिला करून ठेवायचा.

मॉडेल टीमध्ये पेट्रोल-हवा आत नेणारा मॅनिफोल्ड आणि धूर बाहेर नेणारा मॅनिफोल्ड एकाच अंगाला शेजारी शेजारी असतात, आणि दोघांना मिळून चार क्लॅम्प दाबून धरतात. चार क्लॅम्प, चार नट. बस्स! चार नट म्हणजे दहा मिनिटांचं काम असं वाटेल. पण वर्षानुवर्षं तापून-निवून नट स्टडला असा चिकटलेला असतो की जणू एकच तुकडा. लांब दांड्याचा पाना लावून हिसका दिला की नट नव्हे, स्टडच मोडतो. मग इंजिनाच्या अंगात अडकलेलं ते बुडखं ड्रिलने कोरून काढायचं म्हणजे जाणत्या फिटरचा अख्खा दिवस. म्हणून पाना लावला की आधी किंचित आवळायचा, मग किंचित सोडवायचा, परत तेल, परत थोडं आवळणं. नट असा डोलवत डोलवत आणायचा. एवढं करूनही हलला नाही तर ब्लोलॅम्पने नट तापवतात, तो फुगतो आणि सुटतो. पेट्रोलचा कार्बोरेटर लांब ठेवला तो यासाठी. ही आगीची पायरी मोठ्यांची. आपण बादलीभर वाळू घेऊन उभं राहायचं.

नट निघाले की दोन्ही मॅनिफोल्ड सुटतात. बीड जड असतं, म्हणून एकाने धरायचं, एकाने क्लॅम्प काढायचे. आता दिसतील ती आपली वळी. प्रत्येक भोकात एक पोलादी कडं असतं. अर्धं इंजिनात, अर्धं मॅनिफोल्डमध्ये. त्यामुळे दोन्ही तोंडं बरोबर समोरासमोर येतात. आणि त्या कड्याभोवती तांब्याचं वळं.

थांबा! इथे हात मागे घ्या. जुनी तांब्याची वळी पुष्कळदा आतून भरीव नसतात. वर तांब्याचा पातळ पत्रा आणि आत ॲस्बेस्टॉस भरलेलं असतं. त्या काळी ॲस्बेस्टॉस म्हणजे मोठं गुणी सामान मानत. जळत नाही, स्वस्त, नरम. पण त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन कायमचे रुततात आणि वीस-तीस-चाळीस वर्षांनी दमा लागल्यासारखा आजार किंवा कॅन्सर होतो. म्हणजे आज पंधरा वर्षांच्या मुलाने तोंडाजवळ धरून खरवडलं तर त्याचा हिशेब तो पन्नाशीचा झाल्यावर. त्यामुळे जुनं पॅकिंग काढायचं काम तुमचं नाही. दुसरं जे काही सांगतोय ते थोडंफार इकडेतिकडे झालं तर चालेल, हे नाही चालणार. तुम्ही लांब उभे राहा. मोठ्या माणसाने बारीक तंतू अडवणारा चांगला मास्क लावायचा (रुमाल बांधून काही होत नाही), वळी पाण्याने पूर्ण भिजवायची, ओली असतानाच अख्खी उचलून पिशवीत टाकायची, पिशवी बंद करून दुसऱ्या पिशवीत घालायची. कोरडं घासणं नाही, तारेचा ब्रश नाही, आणि गॅरेजमधल्या हवेच्या पाइपाने फुंकणं तर मुळीच नाही. ओल्या फडक्याने पुसायचं आणि फडकंही त्याच पिशवीत जाऊ द्यायचं.

जागा स्वच्छ झाल्यावर परत पुढे या. इंजिनाच्या भोकांत कापडाचे बोळे कोंबायचे, नाहीतर कचरा थेट आतल्या झडपेवर पडेल. बोळे मोजून ठेवा! सहा कोंबले तर सहाच निघाले पाहिजेत. एक आत राहिला तर इंजिन तुम्हाला ते लगेच सांगेल, पण तोवर सगळं परत खोलायची पाळी आलेली असेल.

आता मॅनिफोल्ड काचेच्या जाड तुकड्यावर चारी तोंडं खाली करून ठेवायचा. चारही तोंडं काचेला टेकली पाहिजेत. मॉडेल टीचा मॅनिफोल्ड तापून तापून मागच्या टोकाला झुकतो, हे या गाडीचं प्रसिद्ध दुखणं आहे. एखाद्या तोंडाखाली पोस्टकार्ड सहज सरकलं तर नवं पॅकिंग घालून काही उपयोग नाही. "नट जास्त आवळू, म्हणजे दबेल" असं कुणी म्हणालं तर त्याच्या हातातला पाना काढून घ्या. बीड वाकत नाही, मोडतं. असा मॅनिफोल्ड वर्कशॉपमध्ये देऊन तोंडं सपाट करून घ्यायची, नाहीतर दुसरा शोधायचा. माझ्या मते या सगळ्या कामात हीच पायरी सर्वांत जास्त वेळा गाळली जाते, आणि मग लोक नव्या पॅकिंगला नावं ठेवतात.

नवी वळी आता ॲस्बेस्टॉसऐवजी दुसरं भरण घातलेली मिळतात. अशी भरण घातलेली वळी एकदाच वापरायची. एकदा दबली की संपली. तांब्याचं भरीव वळं मात्र, चरे पडले नसतील आणि फार पातळ झालं नसेल, तर मघाच्या तारेसारखं तापवून, निववून, काळी खपली पुसून परत लावता येतं. भरीव वळं नवं असलं तरी एकदा तापवून घेतलेलं बरं. पत्र्यातून कापून काढताना तेही थोडं कडक झालेलं असतं.

बोळे काढले? मोजले? मग पोलादी कडी जागेवर ठेवायची आणि वर तांब्याची वळी. ती खाली पडू नयेत म्हणून मागे ग्रीसचं बोट फिरवलं की चिकटून राहतात. मॅनिफोल्ड अलगद टेकवायचा, क्लॅम्प लावायचे, नट हाताने फिरवून बसवायचे. शक्य असेल तर पितळेचे नट वापरावेत. पितळ पोलादी स्टडवर गंजून बसत नाही, पुढच्या वेळी काढणारा तुम्हाला दुवा देईल.

आवळताना आधी मधले दोन नट, मग टोकाचे दोन. प्रत्येकाला थोडं थोडं, अशा तीन-चार फेऱ्या. एक नट एकदम पक्का केला तर दुसरं टोक उचललं जातं. तांब्याला पसरायला वेळ द्यायचा. मागचा मोठा नट सगळ्यांत शेवटी, नाहीतर सायलेन्सरची नळीच मॅनिफोल्डला खाली ओढत राहील. मग कार्बोरेटर, तारा, पेट्रोलची नळी. कुठे पेट्रोल ठिबकत नाही ना, ते पाहून घ्यायचं.

आता गाडी उघड्यावर ढकलत न्यायची आणि सुरू करायची. दोन-तीन मिनिटांत सांध्यांतून धूर निघायला लागेल. घाबरू नका, ते ग्रीस जळतंय. पाच-दहा मिनिटांनी तो थांबला पाहिजे. एक्झॉस्टजवळ हात नेऊन फुंकर लागते का, असं पाहायचं नाही. फिटर रबरी नळीचं एक टोक कानाशी धरतात आणि दुसरं सांध्याजवळून फिरवतात. फट असेल तर तिथे 'फस् फस्' असं स्पष्ट ऐकू येतं.

मग गाडी बंद करून पूर्ण गार होऊ द्यायची आणि परत पाना लावायचा. नट पाव फेरा सहज फिरेल, कारण पहिल्या तापण्यात तांबं आणखी थोडं दबलेलं असतं. दुसऱ्या दिवशी एक चक्कर मारून, गार करून, परत. तिसऱ्या-चौथ्या वेळी नट जागचा हलत नाही. पायांपाशी ऊब देणारी ती पत्र्याची पेटी असेल तर ती आता बसवायची, त्याआधी नाही.